उंचीचा वारसा
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, ज्येष्ठांचा सत्कार व्हावा आणि त्यानंतर एखाद्या सभासदाने आपल्या व्यवसायातील चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, असा प्रघात आहे. यंदा ते काम मंडळाने आमच्यावर सोपविले. आमचा व्यवसाय मुलांच्या वैद्यकाचा. तेव्हा विषयही त्यातलाच घेतला आहे. घराण्यात पिढ्यानुपिढ्या चालत येणारा ठेंगणेपणा व त्याची आनुवंशिक कारणे, हा तो विषय होय.

हाच विषय का, याचा खुलासा प्रथम केला पाहिजे. आपली वधू-वर सूची उघडून पाहावी. नाव, शिक्षण, नोकरी यांच्या पंक्तीला उंचीचा रकाना बसलेला आहे. अनेक स्थळे त्या रकान्यावरून बोट फिरताच मागे पडतात. हे झाले लग्नापूर्वीचे. लग्नानंतरची गोष्ट याहून कठोर आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सहा वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील व आजी आली. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत. मुलगी हुशार, बोलकी, अंगाने प्रमाणबद्ध. पण उंची तीन वर्षांच्या मुलीएवढी. आम्ही काही विचारण्यापूर्वीच आजीबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या घराण्यात असे कुणी झाले नाही. हे हिच्या माहेरचे आहे." मुलीची आई खाली मान घालून बसली होती. ते वाक्य तिने त्या दिवशी प्रथमच ऐकले नसावे, हे तिच्या मुद्रेवरून दिसत होते. त्या वाक्यात शास्त्रदृष्ट्या कितपत तथ्य आहे, हे पाहण्यासाठीच आजचे हे विवेचन आहे.

उंचीचा वारसा कसा चालतो, हे शोधण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग माणसावर नव्हे, वाटाण्यावर झाला. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात उंच व ठेंगण्या वाटाण्यांच्या संकराचे निष्कर्ष मांडले. पहिल्या पिढीत सगळी रोपे उंच झाली. ठेंगणेपणा नाहीसा झाल्यासारखा वाटला. पण त्या उंच रोपांच्या पुढच्या पिढीत, चारांत एक या प्रमाणात, तो पुन्हा उगवला. म्हणजे गुण नष्ट झाला नव्हता. झाकला गेला होता. ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

परंतु माणसे वाटाण्यासारखी उंच व ठेंगणी अशा दोनच जातींची नसतात. त्यांत पाच फुटांची असतात, सव्वापाच फुटांची असतात, सहा फुटांचीही असतात. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ साली २०५ दांपत्ये व त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा ताळा मांडला. त्यास असे आढळले की, ठेंगण्या आईबापांची मुले बहुधा ठेंगणीच असतात, तथापि ती सरासरीकडे थोडी सरकलेली असतात; आणि उंच आईबापांच्या मुलांचेही तसेच. हे मेंडेलच्या नियमात कसे बसावे, हे कोडे रोनाल्ड फिशर याने १९१८ साली सोडविले. उंची ही एका घटकावर अवलंबून नसून अनेक घटकांच्या लहान लहान भरीने सिद्ध होते, आणि त्यातला प्रत्येक घटक मेंडेलचाच नियम पाळतो, असे त्याने गणिताने दाखविले. या घटकांना आपण आज जनुके म्हणतो. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या आनुवंशिक माहितीचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा उंचीशी निगडित अशी १२,१११ स्थाने माणसाच्या जनुकसंचयात सापडली. त्यातले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते, हेही सांगितले पाहिजे. परंतु मूळ सिद्धान्त आपल्यालाही लागू आहे.

त्याचा व्यवहारातला अर्थ असा. मूल म्हणजे दोन्ही घराण्यांतून आलेल्या हजारो लहान देणग्यांची बेरीज होय. निम्म्या पित्याकडून, निम्म्या मातेकडून. त्या बेरजेचा अंदाज घेण्याची एक साधी रीत डॉक्टर वापरतात. आईवडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करावी. मुलगा असल्यास तीत १३ मिळवावे, मुलगी असल्यास १३ वजा करावे, आणि येईल त्याचे निम्मे करावे. वडील १६४ व आई १४९ सेंटिमीटर असेल, तर मुलाची अपेक्षित उंची १६३ व मुलीची १५० येते. यात सुमारे आठ सेंटिमीटर इकडेतिकडे होणे स्वाभाविक मानावे. अशा घरातले मूल वर्गात पहिल्या रांगेत बसत असेल, परंतु दर वर्षी नेमाने वाढत असेल, तर ते निरोगी आहे. त्यास औषध नको, टॉनिक नको, आणि दारावर लोंबकळत ठेवणे तर नकोच नको. सुनील गावस्कर आणि सचिन तेंडुलकर हे दोघेही उंच म्हणून कधी ओळखले गेले नाहीत. त्यांच्या धावा मोजताना कोणी फूटपट्टी लावली नाही.

याच जातीचा दुसरा निरुपद्रवी प्रकार म्हणजे उशिरा वाढणारी मुले. वडिलांना मिसरूड उशिरा फुटले, आईस न्हाण उशिरा आले, अशा घरांत मुलेही मागाहून वाढतात. डाव्या हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढता येते. ते मुलाच्या वयाहून मागे असेल, तर वाढीचा काळ अजून शिल्लक आहे असे समजावे.

येथे एक सावधगिरीची सूचना. घरातली सगळीच ठेंगणी आहेत, एवढ्यावरून सगळा दोष जनुकांच्या माथी मारू नये. शंभर वर्षांत एखाद्या राष्ट्राची जनुके बदलत नाहीत. पण १८९६ साली जन्मलेल्या दक्षिण कोरियातील स्त्रियांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या तेथील स्त्रिया सुमारे २० सेंटिमीटरने अधिक उंच झाल्या, असे जागतिक पाहणीत दिसून आले आहे. हा चमत्कार अन्नाचा, स्वच्छ पाण्याचा आणि रोगनिवारणाचा. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी पस्तीसांहून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यांतील कित्येकांच्या जनुकांत काहीच उणे नाही. उणे आहे ते ताटात. थायरॉइडची कमतरता, गव्हाचे अन्न न सोसणारा सीलिॲक रोग, मूत्रपिंडाचे जुने विकार हेही मुलाची वाढ खुंटवितात. तेव्हा वारशाचा विचार करण्यापूर्वी या गोष्टी तपासून घेणे हे शहाणपणाचे होय.

आता जेथे एखादेच जनुक बिघडल्याने वाढ खुंटते, अशा प्रकारांकडे वळू. ते विरळा आहेत. पण गैरसमज सर्वांत अधिक त्यांच्याविषयीच आहेत.

पहिला प्रकार असा की, ज्यात आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेले सदोष जनुक पुरेसे होते. आखूड हातपाय व मोठे कपाळ असलेली जी ठेंगू माणसे आपण पाहतो, त्यांपैकी अनेकांना ॲकोंड्रोप्लेझिया नावाची अवस्था असते. तिचे मूळ एफजीएफआर-३ या जनुकात आहे, हे १९९४ साली उघड झाले. अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास ती येण्याची शक्यता निम्मी असते. परंतु आश्चर्याची गोष्ट ही की, अशी शंभरांतील ऐंशीहून अधिक बालके सर्वसाधारण उंचीच्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांच्यात हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आणि तो जवळजवळ नेहमी पित्याच्या बीजात घडतो. पित्याचे वय वाढते तशी त्याची शक्यताही वाढते. गरोदरपणी ग्रहण पाहिले, अमुक खाल्ले, तमुक ओलांडले, म्हणून मातेला बोल लावणाऱ्यांनी हे सत्य ध्यानी घ्यावे.

याच वर्गातले दुसरे जनुक शॉक्स नावाचे आहे. ते १९९७ साली सापडले. त्याची एक प्रत निकामी झाली म्हणजे उंची कमी राहते व कित्येकदा कोपराखालचा हात आखूड व किंचित वाकडा होतो. बापही ठेंगणा, आजोबाही ठेंगणे, म्हणून "आमचे घराणेच असे" असे म्हणून लोक स्वस्थ बसतात. आणि त्या घराण्याच्या मुळाशी हे एकच जनुक असू शकते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. सुमारे दोन ते अडीच हजार मुलींत एक मुलगी अशी जन्मते की, तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक नसते किंवा अपुरे असते. यास टर्नरची अवस्था म्हणतात. ही बहुधा आईबापांकडून आलेली नसते. शॉक्सची एक प्रत हरपल्याने उंची मात्र कमी राहते. "पोरगी आईवर गेली" एवढे म्हणून पुष्कळ वर्षे वाया जातात, आणि वयात येण्याची वेळ टळून गेल्यावर तिला डॉक्टरकडे आणले जाते. मुलगी ठेंगणी राहत असेल, तर मुलाइतक्याच तत्परतेने तिची तपासणी व्हावी, अशी आमची सर्व मातापित्यांस कळकळीची विनंती आहे.

दुसरा प्रकार मेंडेलच्या त्या झाकलेल्या ठेंगणेपणाचा. यात एक सदोष प्रत अंगी बाळगणारा मनुष्य दिसण्यात सर्वसाधारणच असतो. त्यास वाहक म्हणतात. दोन वाहकांचे लग्न झाले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते. ही शक्यता प्रत्येक गर्भारपणी नव्याने लागू होते. पहिले मूल तसे झाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा त्याचा अर्थ नाही. आपण प्रारंभी ज्या मुलीविषयी ऐकले, तिची अवस्था याच वर्गातली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीला वाढीचे संप्रेरक सोडण्याची जी आज्ञा मिळते, ती ऐकणारे जनुक तिच्यात दोन्ही बाजूंनी निकामी होते. या जनुकातील दोष माणसात प्रथम १९९६ साली वर्णिला गेला तो नात्यात लग्न झालेल्या एका भारतीय कुटुंबातील मुलांतच. आणि १९९८ साली सिंध प्रांतातील खेड्यांतल्या ठेंगण्या माणसांत तोच दोष सापडला. त्यांची बुद्धी सर्वसाधारण, अंग प्रमाणबद्ध, फक्त उंची अत्यल्प.

आजीबाईंना आम्ही इतकेच सांगितले की, "एक प्रत सुनेच्या माहेराहून आली हे खरे, पण दुसरी आपल्या चिरंजीवांकडून आली. दोन्ही घरे त्यात सारखीच भागीदार आहेत, आणि दोन्ही घरे सारखीच निर्दोष आहेत." पुढे चौकशीत असेही निघाले की, ही दोन घरे चार पिढ्यांमागे एकाच घरातून फुटलेली होती.

येथे आम्ही या भाषणाच्या नाजूक भागाशी येऊन पोचलो. आपल्याच माणसांपुढे बोलत आहोत, म्हणून आडपडदा न ठेवता बोलतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात आमिश नावाचा एक श्रद्धाळू शेतकरी समाज आहे. तो आपापसांतच लग्ने करतो. १९६४ साली व्हिक्टर मॅकक्युसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यातील आखूड हातपाय, हाताला सहा बोटे व पुष्कळदा हृदयाचा दोष असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगात अत्यंत दुर्मिळ असलेली ही अवस्था तेथे मात्र वारंवार आढळत होती. वंशावळी मागे मागे नेल्या, तेव्हा त्या सर्व मुलांच्या आईबापांचा मूळ धागा १७४४ साली तेथे येऊन राहिलेल्या सॅम्युएल किंग व त्याच्या पत्नीपर्यंत पोचला. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर देशाच्या लोहा प्रांतातही असेच घडले. वाढीचे संप्रेरक भरपूर असूनही शरीर त्यास दाद देत नाही, अशी लारोन यांच्या नावाने ओळखली जाणारी अवस्था तेथील दुर्गम गावांत शेकड्याच्या आसपास माणसांत सापडली. दोन्हीकडे कारण एकच. थोड्या मूळपुरुषांपासून वाढलेला समाज, आणि पिढ्यानुपिढ्या त्याच वर्तुळात झालेली लग्ने.

आपला देश अशा वर्तुळांचाच बनलेला आहे. २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ समाजगटांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८१ गटांत, थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण ही फिनलंडचे लोक व अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही ठळक निघाली. आणि याच दोन समाजांतील दुर्मिळ आनुवंशिक रोगांचा अभ्यास जगभर झालेला आहे. आपल्या ज्ञातीची संख्या आपण दर वर्षी अभिमानाने मोजतो. पण संख्येने मोठा समाजदेखील जनुकांच्या दृष्टीने लहान असू शकतो.

यातला हिशेब उदाहरणाने पाहू. समजा, बाहेरच्या विस्तीर्ण समाजात एखाद्या दोषाचा वाहक पाचशेंत एक आहे. तर दोन वाहकांची गाठ पडून बाधित मूल जन्मण्याची शक्यता दहा लाखांत एक होते. तोच वाहक एखाद्या लहान वर्तुळात वीसांत एक असेल, तर ती शक्यता सोळाशेंत एक होते. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. गणित मात्र खरे आहे. त्यात मामाची मुलगी करण्याची आपल्याकडील जुनी चाल मिळवावी. आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान पूर्वजांकडून आलेली असतात. अशी बहुतेक लग्ने सुखाची होतात व मुले निरोगी निपजतात, हे आम्ही मान्य करतो; परंतु झाकलेल्या दोन प्रती एकत्र येण्याचा दरवाजा तेथे अधिक उघडा असतो, हेही नाकारता येत नाही.

मग आपण करावे काय? मंडळापुढे व कुटुंबांपुढे आम्ही चार सूचना ठेवतो.

पहिली, मोजमापाची. मूल पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात सुमारे १२, आणि चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत दर वर्षी पाच ते सहा. वाढदिवसाला औक्षण करतो, त्याच दिवशी मुलाला भिंतीशी उभे करून उंची लिहून ठेवावी. वर्षाला चार-साडेचार सेंटिमीटरही भर पडत नसेल, किंवा आईवडिलांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा मूल पुष्कळ मागे पडत असेल, तर डॉक्टरांस दाखवावे. भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने २०१५ साली सुधारलेले वाढीचे तक्ते उपलब्ध आहेत. आपल्या मेळाव्यात मुलांच्या मोजमापासाठी एक टेबल मांडले, तर खर्च शून्य आणि उपयोग मोठा.

दुसरी, वेळेची. एके काळी वाढीचे संप्रेरक मृतांच्या पिट्युइटरी ग्रंथींतून काढावे लागे. त्यातून काहींना मेंदूचा घातक रोग झाल्याचे दिसल्यावर १९८५ साली ते थांबले, आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयार केलेल्या संप्रेरकास अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्याच्या अंगी ते कमी आहे, त्यास त्याचा उत्तम गुण येतो. टर्नरच्या व शॉक्सच्या अवस्थेतही उपयोग होतो. पण हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या जुळल्या, की कोणतेही औषध उंची वाढवीत नाही. मोठेपणी उंची वाढविण्याच्या जाहिरातींवर पैसा घालविणे, हे पालथ्या घड्यावर पाणी होय.

तिसरी, बोलण्याची. घरात अशी अवस्था असल्यास ती लग्न जुळविताना लपवू नये, आणि कळल्यावर समोरच्यांनी तिचा डांगोरा पिटू नये. ती सूचीत छापण्याची बाब नव्हे. दोन कुटुंबांनी विश्वासाने बोलण्याची व गरज पडल्यास आनुवंशिकीच्या तज्ज्ञाकडून समजून घेण्याची बाब आहे. आणि ठेंगण्या मुलाच्या मातेस "तुझ्या माहेरचे" हे दोन शब्द आपल्या घरांत पुन्हा कोणी उच्चारू नयेत.

चौथी सूचना बोलण्यास कठीण, पण टाळण्याजोगी नाही. या संस्थेने आमच्यासारख्या कित्येकांना शिष्यवृत्ती दिली. तिचे ऋण आम्ही विसरलो नाही. एकमेकांस धरून राहणे हे ज्ञातीचे बळ आहे. परंतु एकमेकांस धरून राहणे आणि वर्तुळाबाहेर लग्न करणाऱ्यास दूर सारणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. जी मुलेमुली पोटशाखेबाहेर वा ज्ञातीबाहेर विवाह करतात, त्यांची नावे सभासदांच्या यादीतून गळू देऊ नयेत. ती आपल्या वंशाचे नुकसान करीत नाहीत. निसर्गाच्या दृष्टीने पाहता ती त्यात ताजे पाणी आणीत आहेत.

एवढे सांगून झाल्यावर एक गैरसमज मात्र मागे राहू नये. ठेंगणे माणूस म्हणजे दुरुस्त करावयाचा दोष, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, वैद्यकीय वा आनुवंशिक कारणामुळे प्रौढपणी चार फूट दहा इंच वा त्याहून कमी उंची राहिलेल्या व्यक्तींस संरक्षण दिले आहे. कायदा हक्क देतो. आदर मात्र घरातून व समाजातून मिळावा लागतो. आपल्या सभागृहातील पाण्याचे पिंप, हात धुण्याची बेसिने, व्यासपीठाच्या पायऱ्या त्यांच्या हाताला व पायाला पोचतात काय, हे मंडळाने एकदा पाहावे.

त्या मुलीस योग्य वयात इंजेक्शने सुरू झाली. पुढच्या खेपेस तिला घेऊन तिची आई आली नाही; आजीबाई स्वतः आल्या. भिंतीवरच्या पट्टीशी नातीला त्यांनीच उभे केले, टाचा टेकल्या आहेत ना ते वाकून पाहिले, आणि आकडा ऐकल्यावर पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "हा आकडा कागदावर लिहून द्या. घरी सुनेला दाखवायचा आहे."

वारशाने उंची येते, तसा समजूतदारपणाही घराण्यात चालत राहावा, एवढीच इच्छा.